बावीस किल्ल्यांचे कुलूप

मित्रांनो, मी एक म्हातारे पितळी कुलूप आहे आणि आज मी रागावलेले आहे. कुलपाला राग येतो यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आमचे काम मुकाट्याने लटकण्याचे, असे तुम्ही म्हणाल. ते खरेच आहे. परंतु साठ वर्षे मुकाट्याने लटकल्यावर पोटात जे साचते, तो केवळ गंज नसतो. म्हणून आज बोलते. शांतपणे बोलण्याचा प्रयत्न करीन. जमेलच असे नाही.

माझा जन्म अलीगढचा. एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात मला वाळूच्या साच्यात ओतले, कानशीने घासले आणि पोटात सात तरफा बसवल्या. ज्या कारागिराने मला घडवले त्याने माझी पहिली किल्ली फिरवून कानाजवळ धरली, आवाज ऐकला आणि मान हलवली. एवढेच माझे बारसे. त्यानंतर गवताच्या पेंढ्यात गुंडाळून मी आगगाडीने, मग मालवाहू मोटारीने, असे करीत रत्नागिरीच्या बाजारातल्या एका लोखंडी सामानाच्या दुकानात येऊन पडले. तिथे दीड वर्ष कोणी माझी विचारपूस केली नाही. आकाराने मी मोठे होते आणि त्या काळी एवढ्या मोठ्या कुलपाची गरज फारशी कोणाला नव्हती.

एके सकाळी दुकानाच्या पायरीशी तीन माणसे उभी राहिली. उंबरकोंडच्या बौद्धवाडीतले रामजी, त्यांची बायको आणि आदल्या वर्षी लग्न होऊन वाडीत आलेली, एकोणीस वर्षांची जाईबाई. रामजी मुंबईच्या गोदीत काम करीत. ते बोलायला संकोचत होते. जाईबाईने सरळ माझ्याकडे बोट दाखवले.

"तां मोठां काढा."

दुकानदार हसला. "एवढे मोठे कशाला गो? तुमच्याकडे चोरायला आहे काय?"

"मुंबईला खोली घेतली आमी," जाईबाई म्हणाली. "तिला लावायचां हाय."

दुकानदाराचे हसू ओठांवरच थांबले. मित्रांनो, त्या दिवशी मी प्रथमच माणसाच्या कमरेच्या ओच्यात बसून प्रवास केला, आणि कोणाच्या तरी अभिमानाची ऊब कशी असते ते मला कळले.

ही खोली कशी मिळाली, ते तुम्हाला ठाऊक असायला हवे. तुमच्या शाळेत ते कोणी सांगणार नाही. वाडीतले पुरुष मुंबईत कामाला जात. पण मुंबईत काम मिळणे सोपे आणि पाठ टेकायला जागा मिळणे अवघड होते. चाळीचा भय्या असो, मारवाडी असो की आपल्याच कोकणचा माणूस असो, खोली दाखवण्याआधी गाव विचारी आणि गाव सांगितले की वाडी विचारी. वाडी सांगितली की खोली आधीच दिलेली असे. रामजींनी दोन वर्षे गोदीच्या भिंतीलगत पोत्यांवर झोपून काढली. तेव्हा वाडीने ठरवले की आपलीच एक खोली असली पाहिजे. तिच्या दारात कोणी कोणाला वाडी विचारणार नाही.

पागडीची, म्हणजे खोली ताब्यात घेताना एकदम मोजायची रक्कम पुरुषांच्या मजुरीतून जमेना. तेव्हा वाडीतल्या बायका गावावरच्या खडकाळ सड्यावरच्या चिरेखाणीत उतरल्या. दिवाळीपासून मिरगापर्यंत त्यांनी जांभ्याचे ओले, लाल चिरे डोईवरून वाहिले. चुंबळीखालचे केस गेले, मानेचे मणके बसले. त्यांच्यात जाईबाई सर्वांत लहान होती. परळच्या बाजूच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावरची दहा बाय बाराची ती खोली त्या चिऱ्यांची आहे. हे कोणत्याही पावतीवर लिहिलेले नाही. पावती रामजींच्या नावावर होती आणि वाडीच्या मुंबई मंडळाच्या वहीत पुरुषांची नावे होती. मी मात्र ओच्यात बसून गेलेले कुलूप आहे. मला माहीत आहे.

मी त्या खोलीच्या दाराला लागले आणि माझ्या आयुष्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट घडली. मला कोणी बंदच केले नाही. खोलीत कधी चौदा, कधी अठरा, एका काळी तर बावीस माणसे राहत. कोणी गोदीत, कोणी गिरणीत, कोणी महानगरपालिकेत. पहिली पाळी उठे तेव्हा तिसरी पाळी येऊन त्याच चटईवर अंग टाकी. चटईला थंड होण्याची संधीच नव्हती. खोलीत सदैव कोणीतरी झोपलेले असल्याने मी कोयंड्यात उघडेच लटकत असे. शेजारच्या खोल्यांची कुलपे सकाळ-संध्याकाळ कुरकुरत. मी वाऱ्यावर झुलत जिन्यातली पावले मोजी. चाळीतली माणसे गमतीने म्हणत, "रत्नागिरीवाल्यांचे कुलूप शोभेचे आहे." मला त्याचा कधी कमीपणा वाटला नाही. माझ्या मते कुलपाला याहून मोठा मान नाही.

तरीही प्रत्येकाकडे माझी किल्ली असे. तो वाडीचा रिवाज होता. मुलगा मुंबईला निघाला की विहारात वंदना होई, आणि मग रामजी किंवा दुसरे कोणी वडीलधारे रत्नागिरीहून नवी पाडून आणलेली किल्ली त्याच्या हातावर ठेवीत. म्हणत, "ही घे. आता तुझे घर दोन ठिकाणी आहे." तिचा प्रत्यक्ष उपयोग जवळजवळ नव्हता, पण रात्रपाळीला एखादा मुलगा गेटवर अडला, हवालदाराने कुठे राहतोस म्हणून दरडावले, की तो खिशातून ती किल्ली काढून दाखवी. माणूस नोकरी संपवून कायमचा गावी परतला की किल्ली घेऊन येई आणि घरातल्या खुंटीला अडकवून ठेवी. अशा बावीस किल्ल्या वाडीत परत आल्या.

एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्याही लक्षात आली नाही, आणि त्याची मला आज लाज वाटते. त्या बावीस किल्ल्यांपैकी एकही कधी कोणत्या मुलीच्या हातावर ठेवली गेली नाही. तसा नियम नव्हता. कोणी तसे ठरवले नव्हते. ते कोणाच्या मनातच आले नव्हते.

पुढे गिरण्या बंद पडल्या. माणसांची लग्ने झाली, मुले शिकली. कोणी विरारला घर घेतले, कोणी दिव्याला, कोणी बदलापूरला. घर घेणाऱ्याला आनंद होई आणि मलाही होई; एकेक चटई गुंडाळली जाई आणि खोली थोडी मोठी होई. रामजी वारले. रिवाजही हळूहळू वारला. आठ वर्षांपूर्वी शेवटचा माणूस बाहेर पडला आणि मुंबई मंडळाचे चिटणीस महेंद्र खोली बंद करायला आले. हे महेंद्र तरुणपणी नऊ वर्षे त्याच खोलीत राहिले होते. तिथल्या चाळीस वॅटच्या दिव्याखाली अभ्यास करून ते बँकेत लागले. त्यांचे घोरणे मला पाठ होते. त्यांनी खोलीला एक नवे कुलूप लावले आणि मला पिशवीत टाकून गावी आणले, कारण विहारातल्या कपाटाला कुलूप नव्हते.

आता गावातला आणि मुंबईतला तंटा ऐका. गाव कमिटी म्हणाली, खोली वाडीची आहे, तिची किल्ली वाडीतच राहिली पाहिजे. मुंबई मंडळ म्हणाले, व्यवहार आम्ही पाहतो, किल्ली आमच्याकडे हवी. दोन सभा झाल्या, तीन माणसे रुसली, आणि शेवटी तोडगा निघाला. खोलीची किल्ली गावात, विहारातल्या कपाटात राहील. आणि कपाटाची, म्हणजे माझी, किल्ली मुंबईत महेंद्रांकडे राहील. दोन्ही पक्षांनी टाळ्या वाजवल्या. गावाला वाटले आपण जिंकलो, मुंबईला वाटले आपण जिंकलो. परिणामी आठ वर्षे ती खोली कोणालाच उघडता आली नाही. मी त्या कपाटावर लटकत होते आणि आयुष्यात प्रथमच बंद होते. आत काय होते? एक वही, भाड्याच्या पावत्या, आणि एका रिकाम्या खोलीची किल्ली. रिकाम्या खोलीवर पहारा करण्याइतके अपमानास्पद काम कुलपासाठी दुसरे नाही.

या विहारात करुणा नावाची मुलगी संध्याकाळी लहान मुलांची अभ्यासिका चालवत असे. तुमच्यातले काही जण तिथेच पाढे शिकलात. तिचे वडील बाळादादा आंब्याच्या बागेत राखणीला असतात; अत्यंत अबोल माणूस. करुणाने रत्नागिरीत प्रयोगशाळेच्या कामाचे शिक्षण घेतले आणि गेल्या एप्रिलमध्ये तिला परळच्या बाजूच्या एका रुग्णालयातून नेमणुकीचे पत्र आले. जून महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी सात वाजता हजर व्हायचे. अन्यथा नेमणूक रद्द. पत्रात तसे स्पष्ट लिहिले होते आणि तिने ते एवढ्या वेळा वाचले होते की त्याच्या घड्या फाटू लागल्या.

वाडीत मोबाईलला रेंज मिळते ती फक्त विहाराच्या ओसरीवर, कपाटाजवळच्या खिडकीशी. त्यामुळे महिनाभर मी शहराचा भूगोल ऐकला. करुणाने अभ्यासिकेच्या फळ्यावर वस्त्यांची नावे लिहिली होती. दिवा, नालासोपारा, बदलापूर, मानखुर्द, वडाळा. प्रत्येकीपुढे भाडे, पाणी, रुग्णालयात पोहोचायला लागणारा वेळ, आणि रात्री परतताना रस्त्यावर दिवे असतात की नाही. मुलगी नीटनेटकी होती. जिथे भाडे परवडे तिथे रात्रपाळीनंतर दोन तास प्रवास होता. जिथे प्रवास नव्हता तिथे तिचा सगळा पगार अनामतीत जात होता. स्वस्त खोली उरलेले भाडे तिच्या झोपेतून वसूल करणार, हे तिने खडूने मांडून दाखवले होते.

जाईबाई आता ऐंशीच्या घरात आहे. ती रोज विहार झाडायला येते आणि झाडून झाले की उंबऱ्यात बसून फळ्याकडे पाहते. तिला वाचता येत नाही, म्हणून ती प्रत्येक ओळ विचारते.

"ही कोण?"

"ही बदलापूर, जाईआजी. खोली चांगली आहे. पाणीही आहे."

"आनि हास्पितळ?"

"सातला पोहोचायचे तर साडेतीनला उठावे लागेल."

"मग ती खोली कशाला? तिथं झोपणार कोण, तुजी चप्पल?"

करुणा हसली आणि तिने बदलापूर पुसून टाकले.

दलालांचे फोन ती सर्वांना ऐकू येतील असे लावून ठेवी. एक दलाल फारच उत्साही होता.

"मॅडम, टॉप एरिया आहे. या पैशात असा एरिया मिळणारच नाही. स्टेशनपासून पाच मिनिटं!"

"चालत?"

"चालत कशाला मॅडम? बाईकवर."

"आणि पाणी?"

"फुल फोर्स! पहाटे साडेतीनला, वीस मिनिटं."

"मेला पाणी सोडतो का भूत सोडतो?" जाईबाई उंबऱ्यातून म्हणाली. दलालाने विचारले, "कोण बोललं?" करुणाने घाईने फोन बंद केला आणि दोघी पोट धरून हसल्या. त्या दिवशी मलाही बरे वाटले.

मग वडाळ्याचा फोन आला. फळ्यावरची ती सर्वांत चांगली ओळ होती. भाडे जेमतेम परवडणारे, रुग्णालय अर्ध्या तासावर, आणि घरमालक रत्नागिरी जिल्ह्याचे. करुणाने ती ओळ रंगीत खडूने लिहिली होती. जिल्ह्याचा माणूस म्हणजे घरचा माणूस, असे तिला वाटले. परक्या शहरात जाणाऱ्या आपल्या माणसांची ही फार जुनी चूक आहे.

"अरे वा, रत्नागिरी!" गृहस्थांचा आवाज खरोखर प्रेमळ होता. "म्हणजे घरचीच मुलगी. गाव कुठलं बाळ?"

"उंबरकोंड. मालगुंडच्या अलीकडे वळायचं."

"उंबरकोंड! माझ्या मावशीचं सासर. आमरस खावा तर तिथला. तुम्ही कुठल्या वाडीतल्या?"

करुणाने खिडकीचा गज धरला. "बौद्धवाडी."

फोनमध्ये पंखा फिरल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"हां. बरं. काय आहे बाळ, आमच्या हिचं सोवळ्याचं फार असतं. माझं काही नाही हो, मी मानत नाही. विचारून दोन दिवसांनी कळवतो."

दोन दिवस गेले, आठ गेले. फोन आला नाही. दहाव्या दिवशी करुणाने फळा पुसला. तिने इतका जोर लावला की खालचा काळा रंग निघाला.  जाईबाईने हेच उत्तर पूर्वी रामजींच्या तोंडून ऐकले होते.

मित्रांनो, माझा राग इथून सुरू होतो. पण तो एकट्या वडाळ्याच्या गृहस्थावर नाही. त्याच्याकडून मला आशा नव्हती. माझा राग असा की, ज्या रुग्णालयात तिला पोहोचायचे होते, त्याच्यापासून चालत पंधरा मिनिटांवर तिच्या वाडीची खोली रिकामी होती. तिचे भाडे आजही जुन्या काळचेच आहे. तिथे सकाळी सहाला पाणी येते. तिची किल्ली माझ्यामागे, एका बोटाच्या अंतरावर लोंबकळत होती. आणि मी बंद होते.

वैशाखी पौर्णिमेला मुंबईकर गावी आले. दुपारी विहारात वार्षिक सभा भरली. पुरुष पुढे खुर्च्यांवर, बायका मागे सतरंजीवर. महेंद्रांनी जय भीम करून विषय मांडला. चाळीची पुनर्बांधणी होणार, मालक खोली सोडण्याचा मोबदला देतो आहे. तो घेऊन खोली सोडावी आणि त्या पैशांतून वाडीच्या तोंडाशी भव्य कमान उभारावी. कमानीवर देणगीदारांची आणि पदाधिकाऱ्यांची नावे संगमरवरात कोरावी. त्यांनी नकाशाही आणला होता. कमानीला दोन हत्ती होते.

टाळ्या पडल्या. मग मागून करुणा उभी राहिली. तिचे शब्द तयार होते. तिने नेमणुकीचे पत्र वाचून दाखवले. म्हणाली, "खोली मला राहायला द्या. भाडे मी भरेन. पुढच्या वर्षी आपल्या दोन मुली परिचारिकेचा अभ्यास पुरा करतील, त्याही तिथे राहतील. सोडायचीच असेल तर नवी जागा मिळेल तेव्हा ठरवा. पण आज सोडू नका."

खुर्च्यांवर कुजबुज झाली. महेंद्र तिच्याशी गोड बोलले, आणि तेच मला जास्त लागले.

"बाय, तुझे आम्हाला कौतुक आहे. वाडीचे नाव काढलेस. पण ती बॅचलर पुरुषांची खोली. एकटी मुलगी तिसऱ्या मजल्यावर, उद्या काही झाले तर बोल मंडळाला. नियमात बसत नाही."

"कुठल्या नियमात, महेंद्रकाका?"

"प्रथा आहे."

"वहीत लिहिलंय?"

"वही कपाटात आहे," महेंद्र म्हणाले, "आणि कपाटाची किल्ली मुंबईला राहिली. गडबडीत विसरलो. पुढच्या वार्षिक सभेत वही पाहू."

पुढची वार्षिक सभा म्हणजे एक वर्ष. तिचा सोमवार तीन आठवड्यांवर होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. किल्ली खरेच विसरली होती की खिशात होती, ते मला आजही ठाऊक नाही. करुणा खाली बसली. बाळादादा खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत पायाच्या अंगठ्याने जमीन कोरत होते. सभा पुढच्या विषयाकडे, हत्तींच्या उंचीकडे वळली.

तेवढ्यात जाईबाई उठली. खुर्च्यांच्या मधून चालत ती कपाटापाशी आली, आणि तिने मला हातात घेऊन डोळ्यांजवळ नेले. तिचा अंगठा माझ्या अंगावरून फिरला.

"ह्यां कुलूप मी घेतलेलां हाय," ती म्हणाली.

"जाईकाकी, सभा चालू आहे," महेंद्र म्हणाले.

"चालू दे. ह्यां आपल्या खोलीचां कुलूप. ह्येची किल्ली तुज्या एकट्याकडं कशी रे असंल? ह्येच्या किल्ल्या घरोघर हायत."

 आठ वर्षे हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. जाईबाई विहाराबाहेर पडली आणि आपल्या मेलेल्या नवऱ्याची किल्ली घेऊन आली. ती माझ्यात घातली आणि फिरवली. फिरली नाही. खाऱ्या हवेने माझ्या तरफा जखडल्या होत्या, आणि तिच्या किल्लीचे दातही झिजले होते. मी पोटातून जोर करीत होते. कुलपाला स्वतःहून उघडता येत नाही, याचे इतके दुःख मला पूर्वी कधी झाले नव्हते.

"बघा, नाही लागत," खुर्चीवरून कोणीतरी म्हणाले आणि हसले.

ते हसू बायकांना लागले असावे. सतरंजीवरून एक उठली, मग दुसरी, मग एकदम पाच-सहा. उन्हात चपला न घालता त्या आपापल्या घरी गेल्या आणि येताना खुंटीवरच्या, देवळीतल्या, तांदळाच्या डब्यातल्या किल्ल्या घेऊन आल्या. एकीने येताना खोबरेल आणले आणि माझ्या तोंडात सोडले. एक किल्ली अर्धी फिरली. एक आत जाईना. चौथी मोडता मोडता राहिली.

पाचवी किल्ली यमुनाबाईंची होती. यमुनाबाई म्हणजे महेंद्रांची आई. 

"आई, तू कशाला मध्ये?" महेंद्र उभे राहिले.

"तुज्या बापसाची हाय," त्या त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या. "तो तिथं झोपला म्हनून तू शिकलास. आनि तुजां शिक्षण झालां तेव्हा ती खोली कोनी कमानीसाठी विकली नाय."

किल्ली फिरली. माझ्या पोटात सातही तरफा एकामागून एक उठल्या आणि माझी कडी वर उडाली. साठ वर्षांत मी इतक्या आनंदाने कधीही उघडले नव्हते.

वही बाहेर आली. करुणाने ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. भांडी कोणी घासावी याचा नियम होता, विडी ओढण्याचा होता, पाहुणा किती दिवस राहील याचा होता. बाईमाणसाने राहू नये असा नियम कुठेच नव्हता. महेंद्र म्हणाले, ही पद्धत बेकायदेशीर आहे, तिच्या नावाची नोंद करायला मी नकार देतो. आणि त्यांनी पेन खिशात ठेवले.

मग माझ्या आयुष्यातला सर्वांत अबोल माणूस उठला. बाळादादा पुढे आले, त्यांनी मुलीच्या हातातून वही घेतली, अभ्यासिकेतल्या मुलांची पेन्सिल उचलली आणि राहणाऱ्यांच्या यादीत शेवटच्या नावाखाली सावकाश, एकेक अक्षर दाबून लिहिले: करुणा बाळा. आडनाव लिहायला ते विसरले. वही मिटून म्हणाले, "माज्या पोरीला मी आता कोनाला वाडी सांगायला लावनार नाय."

कपाटातली खोलीची किल्ली घेऊन करुणा मुंबईला गेली आणि जूनच्या पहिल्या सोमवारी सात वाजता हजर झाली. ती रोज चालत जाते. तिच्यासोबत आता लांज्याची एक मुलगी राहते. तिची वाडी कोणती, ते करुणाने विचारलेले नाही.

तुम्हाला वाटेल, आता कशाचा राग? ऐका. सभेनंतर चार दिवसांनी महेंद्र पुन्हा विहारात आले. त्यांनी मला कपाटावरून काढले, या खिळ्यांच्या डब्यात टाकले आणि कपाटाला नवे कुलूप लावले. ते चकचकीत आहे, त्याला एकच किल्ली आहे, आणि ती मुंबईला गेली. वही पुन्हा आत आहे. पुढच्या वैशाखी पौर्णिमेच्या सभेच्या पत्रिकेवर पहिला विषय खोली सोडण्याचाच आहे, दुसरा कमानीचा. माणसे वाईट नाहीत, मित्रांनो. स्वतः छपराखाली पोहोचलेल्या माणसाला आपण कोणत्या दारातून आत आलो ते विसरायला वेळ लागत नाही, एवढेच.

लोक तुम्हाला सांगतात की सार्वजनिक वस्तू जपून ठेवा. त्यांचा अर्थ असतो की बंद करून ठेवा. तसे जपू नका. सर्वांची खोली माणसांनी भरलेली असली तरच जपली जाते, सर्वांची वही वाचली गेली तरच. मला तेल घालू नका, घासून चमकवू नका. माझे दिवस झाले. तुम्ही लहान आहात, सभेत तुम्हाला मत नाही. पण प्रश्न विचारायला वयाची अट नाही. पौर्णिमेला खुर्च्यांच्या पुढे जाऊन बसा आणि विचारा की कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, आणि एकाकडेच का आहे. ते म्हणतील, पोरांनो, बाहेर खेळा. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.